शुईगेनच्या हाकेला ओ

१

रविवारी चीनमधल्या शाओशिंगचा कापडबाजार बंद नसतो, पण मी बंद असतो. इचलकरंजीच्या व्यापाऱ्यांसाठी इथून कापड घ्यायचं, तागा उलगडून डाग बघायचे, माल कंटेनरात भरून द्यायचा, हा माझा दहा-बारा वर्षांचा धंदा. आठवडाभर नाकातोंडात सुताची धूळ गेली की सुट्टीच्या दिवशी मला पडून राहायचं असतं, आणि नेमका त्याच दिवशी सकाळी लाओ शेन दार बडवतो. शेनचा रंगाईचा कारखाना आहे. सुरुवातीला आम्ही एकमेकांना फसवायला बघायचो, ते जमेना, म्हणून दोस्त झालो. तो आणि त्याची बायको रुईफेन मला दर रविवारी कुठे ना कुठे ओढून नेतात. एकट्या माणसाने सुट्टीत घरी बसू नये, असा रुईफेनचा हुकूम आहे. माझं नाव मधुसूदन. एवढं लांबलचक नाव इथे कोण घेणार, म्हणून मी लाओ मा; दोस्ताच्या नावाआधी इथे लाओ लावतात.

त्या रविवारी रुईफेनच्या माहेरी जायचं होतं. तिचं गाव डोंगरात आहे. यांचं नवं वर्ष तोंडावर आलं होतं, आणि त्याआधी बांबूचे हिवाळी कोंब खणून आणायचे असतात. आभाळ सकाळपासून खाली उतरलेलं होतं. एरवी गाडीत रुईफेनचं तोंड बंद नसतं. त्या दिवशी ती खिडकीबाहेर बघत राहिली.

शेवटी शेनच म्हणाला, "लाओ मा, तिथे माझा मेव्हणा आहे. दचकू नकोस. तो बोलत नाही, पण चावतही नाही."

रुईफेनने त्याच्या दंडावर चापट मारली, पण हसली नाही. मग तिनेच सगळं सांगितलं. तिचा धाकटा भाऊ शुईगेन तीनचाकी गाडीवरून बांबू खाली पोचवायचा. शरद ऋतूत एका संध्याकाळी तो धरणाच्या तळ्यावर गाडी धुवायला गेला आणि बांधावरून पाय घसरून पाण्यात पडला. लोकांनी लगेच ओढून काढला. अंगावर साधं खरचटलंसुद्धा नव्हतं. मोठ्या इस्पितळात सगळ्या तपासण्या झाल्या, एकही वाईट निघाली नाही. पण तेव्हापासून तो बोलला नाही. भरवलं की खातो, उठवलं की उभा राहतो. म्हातारीला तो एकुलता एक मुलगा, आणि तो परत माणसात यावा यापलीकडे तिला आता काही सुचत नव्हतं.

मला वाईट वाटलं. अशा घरी कोंब खणायला कसलं जायचं, असंही वाटलं, पण रुईफेन म्हणाली की आईनेच मुद्दाम सांगितलंय, तुझ्या त्या परदेशी मित्राला घेऊन ये.

२

गावात माणसं थोडी होती. तरणी मंडळी शहरात, राहिलेले म्हातारे दारात शेगडीवर पाय शेकत बसलेले. रुईफेनच्या आईने माझे दोन्ही हात धरले. तिचे तळवे खरखरीत आणि गार होते. मी तिला मावशी म्हटलं. अंगणात बांधलेला काळा कुत्रा माझ्यावर असा भुंकायला लागला की त्याची साखळी ताठ झाली. मावशीने चप्पल फेकून मारली तरी गप्प बसेना.

शुईगेनला मी उघड्या दारातून पाहिलं. मधल्या खोलीत बांबूच्या खुर्चीत त्याला बसवलं होतं, मांडीवर रजई. माझ्याच वयाचा असेल. डोळे उघडे होते. मी मान लववली, पण त्याची नजर माझ्यावरून पुढे गेली.

मग आम्ही तिघे घरामागच्या बांबूच्या बनात गेलो. हिवाळी कोंब जमिनीच्या वर येत नाही. माती किंचित फुगते, बारीक भेग पडते, ती ओळखायची. शेन आणि रुईफेन पटापट काढत होते. मी जिथे कुदळ मारीन तिथे दगड. शेन म्हणाला की हा कापडातला तुटका धागा लांबून बघतो, पण पायाखालचा कोंब याला दिसत नाही. मी म्हटलं की कोंबालाच परका माणूस आवडत नसेल. सकाळ संपली तरी मला एकसुद्धा मिळाला नाही.

जेवायला खारवलेलं डुकराचं मांस, कोंबांची भाजी, सोयाबीनचे दाणे आणि राजगिऱ्याचे आंबवलेले देठ. या देठांशी माझं वैर आहे. आमच्या शाओशिंगची मंडळी त्यावर जीव टाकतात, आणि मला त्या वासाने गटाराचं झाकण उघडल्यासारखं होतं. मावशीने वाटी पुढे केली तेव्हा मी नम्रपणे बाजूला सारली. रुईफेन म्हणाली, "राहू दे आई, इतक्या वर्षांत एकदा तोंडात घातला नाही त्याने."

मावशी मला विचारत राहिली. आई आहे का. मी म्हटलं, गेली. वडील? तेही गेले. बायको? झाली नाही. घरी कोण आहे? थोरली बहीण. ती फोन करते का रोज? मी म्हटलं, रोज कसली, रागावलीय माझ्यावर, सणासुदीला मीच करतो. घरी कधी गेला होतास? ते सांगताना मी जरा अडखळलो, कारण मलाच चटकन आठवलं नाही.

मधेच शेनचा फोन वाजला. त्याची आई होती. जेवलास का, गळ्याला गुंडाळलंयस का, रात्री कधी येणार, अशी चौकशी झाली. शेन तोंडात घास ठेवून हो हो करत होता. मावशी त्याच्याकडे जरा वेळ बघत राहिली. मग तिने मांसाचा सगळ्यात चांगला तुकडा उचलला आणि माझ्या भातावर ठेवला.

३

जेवण झाल्यावर रुईफेनने मला बाजूला घेतलं. तिला संकोच वाटत होता. त्यांच्याकडे असं मानतात की माणूस घाबरला की त्याच्यातलं काहीतरी त्या जागीच राहून जातं. मग आईने त्याचं कापड घेऊन तिथे जायचं, हाका मारत मारत घरी यायचं. आणि घरात त्याच्याजवळ कुणीतरी बसून त्याच्या वतीने प्रत्येक हाकेला ओ द्यायची, म्हणजे त्याला वाट सापडते. मावशीने हे यापूर्वी कितीदा तरी केलं होतं. ओ द्यायला कधी रुईफेन बसली, कधी शेजारीण. काही उपयोग झाला नव्हता.

"आज तू बसशील? आई म्हणते, बाहेरचा माणूस हवा."

मी विचारलं की मग शेन का नको. ती म्हणाली, आईला तो चालत नाही. का चालत नाही ते तिने सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आमच्याकडेही आई मीठ-मोहऱ्या ओवाळायची, तेव्हा मी कधी नको म्हटलं नव्हतं. एका म्हातारीच्या जिवाला बरं वाटत असेल तर खुर्चीत बसून चार वेळा आलो म्हणायला माझं काय जातंय, असा विचार मी केला.

मावशीने शुईगेनचा सदरा बांबूच्या काठीला अडकवला, रुईफेनने वर छत्री धरली आणि दोघी बांधाकडे गेल्या. शेन गाडीत जाऊन झोपला. मी मधल्या खोलीत शुईगेनसमोर स्टुलावर बसलो.

इथल्या घरांत थंडीतही दारं उघडी ठेवतात, त्यामुळे आत बाहेरच्यापेक्षा जास्त गारठा होता. छताला टांगलेल्या मांसाचा तेलकट वास येत होता. भिंतीला ओल होती. कुठेतरी नळ ठिबकत होता, आणि शुईगेनचा श्वास फार सावकाश चालला होता. मी त्याच्याशी हवापाण्याची दोन वाक्यं बोललो. मग बोलणं थांबवलं, कारण त्या खोलीत माझा आवाज मला जास्त मोठा वाटायला लागला.

खिडकीतून शेतांच्या पलीकडे बांध दिसत होता. त्यावर काळी छत्री दिसली आणि पहिली हाक आली.

"शुईगेन, घरी ये."

मी त्यांच्या बोलीत आलो म्हटलं. रुईफेनने शिकवलं होतं तसंच. दुसरी हाक आली, पुन्हा म्हटलं. शुईगेन हलला नाही. मला आपण मूर्खासारखं काहीतरी करतोय असं वाटत होतं.

मावशीचा आवाज एरवी चिरका होता. हाक मारताना मात्र तो खाली आला होता, दमलेला, जरासा रागावलेला. दिवेलागणीला आमच्या गल्लीत सगळ्या आया याच आवाजात पोरांना बोलवायच्या. आई गेल्यापासून मला कुणी उंबऱ्यात उभं राहून हाक मारली नव्हती. ते आठवलं. पुढची हाक आली तेव्हा मी तोंड उघडलं, ते मराठीतच.

"आलो."

चुकलंच ते. मी शुईगेनच्या वतीने बसलो होतो, पण ती ओ माझी होती.

त्यानंतरची हाक अगदी जवळून आली. उंबऱ्यावरून. मी आलो म्हणता म्हणता दाराकडे वळलो. दारात कुणी नव्हतं. खिडकीतून पाहिलं, तर छत्री अजून बांधावरच होती, बोटाएवढी, हळूहळू चाललेली. मी मनाला समजावलं की डोंगरात आवाज असाच घुमतो, कधी लांबचा जवळ वाटतो. ते खरंही असेल. पण शुईगेनने मान फिरवली होती, आणि आता तो दाराकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

४

दोघी परत आल्या तेव्हा मी उठून उभा राहिलो. रुईफेनने सांगितलं होतं की शेवटी सदरा आजाऱ्याच्या अंगावर घालतात. मावशीने तो काठीवरून काढला, शुईगेनला ओलांडून पुढे आली आणि माझ्या खांद्यांवर टाकला.

"थंडी आहे," ती म्हणाली.

मी रुईफेनकडे पाहिलं. ती छत्री मिटत होती आणि तिचं लक्ष छत्रीतच होतं. मी नकळत सदऱ्याची बाही चिमटीत धरून पाहिली, सवयच ती. जाडसर सुती कापड, स्वस्तातलं, आणि ओलं. बाहेर पाऊस नव्हता. बांधावरून येताना पाण्याला लागला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि तो काढून खुर्चीवर ठेवला.

त्यानंतर जे झालं ते इतकं बारीकसारीक होतं की कुणाला सांगायची लाज वाटावी. मी परसातल्या संडासात गेलो. दार लोटलं आणि अंधारात हात मागे नेऊन दिव्याची दोरी ओढली. दोरी दाराच्या मागे, खाली, एका खिळ्याला गुंडाळलेली होती. बाहेर आल्यावर मला तिथेच थांबावं लागलं. सकाळी मी मोबाइलच्या उजेडात जाऊन आलो होतो. तेव्हा तिथे दिवा आहे हेही मला दिसलं नव्हतं.

परत येताना स्वयंपाकघराच्या दारात मी वाकलो. गाडीतून उठून आलेला शेन माझ्या मागून येत होता, त्याचं कपाळ तुळईवर आपटलं. तो म्हणाला, दर वेळी माझं डोकं फुटतं, तुला बरी दिसली. मलाही ती दिसली नव्हती. मी फक्त वाकलो होतो.

अंगणात काळा कुत्रा उठला, माझ्यापाशी आला आणि माझ्या बुटांवर हनुवटी टेकून पडला. मी म्हटलं, दिवसभर वास घेतला, ओळख झाली. कुत्र्यांचं असंच असतं.

निघण्याआधी अजून चार कोंब घेऊ या, असं शेन म्हणाला, म्हणून आम्ही पुन्हा बनात गेलो. माझ्या कुदळीला या वेळी दगड लागला नाही. मी मातीकडे बघतसुद्धा नव्हतो. पाय जिथे थांबत होते तिथे मी खणत होतो, आणि प्रत्येक ठिकाणी पिवळा कोंब निघत होता. शेन आधी हसला, मग त्याने टाळ्या पिटल्या, मग खणायचं सोडून माझ्या पायांकडे बघायला लागला. टोपली भरल्यावर मी मोजायला बसलो.

माणूस कुठेही जाऊन राहिला तरी मोजतो आपल्या बोलीत. मी या लोकांशी त्यांच्या भाषेत भांडतो, भाव पाडतो, स्वप्नंसुद्धा कधीकधी त्यातच पडतात. पण ताग्याचे मीटर मनात मोजतो ते एक, दोन, तीन असेच. त्या दिवशी टोपलीपाशी बसून मी मोजले ते या डोंगरातल्या बोलीत, आणि ती बोली मला धड येत नाही. मी थांबलो. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. एक म्हटलं, दोन म्हटलं, आणि पुढचं आठवेना.

मी घाबरलो. ओल्या मातीत तसाच बसून राहिलो आणि पुढचा आकडा शोधत राहिलो. तो बऱ्याच वेळाने सापडला.

५

मावशीने निघताना थोडंसं खाऊन जा म्हणून पुन्हा ताट मांडलं होतं. मी बसलो, गरम भात घेतला, आणि अर्धी वाटी संपली तेव्हा मला कळलं की मी देठ खातोय. एकेक देठ दातांत धरून आतला गर चोखून काढत होतो, इथली माणसं काढतात तसा. चव चांगली लागत होती. शेनने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. मावशीला मात्र नवल वाटलेलं दिसलं नाही. तिने वाटी माझ्याकडे आणखी सरकवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

मी उठून रुईफेनच्या मागे चुलीपाशी गेलो. शेन का चालला नाही, मीच का, हे मला आता विचारायचं होतं.

ती भांडी विसळत होती. मग पाण्यातच बघत म्हणाली, "त्याला त्याची आई रोज हाक मारते. तुला कुणी मारत नाही. आई म्हणाली, ज्याला कुणी बोलवत नाही त्याची जागा रिकामीच असते."

"रिकामी म्हणजे?"

"मला नाही माहीत, लाओ मा. मला वाटलं, म्हातारीची समजूत आहे, होऊन जाऊ दे." ती रडायला लागली. "तो माझा भाऊ आहे."

मला तिचा राग यायला हवा होता. तेवढा आला नाही. मला त्या स्वयंपाकघरात ऊब वाटत होती, कोपऱ्यातल्या बरण्या ओळखीच्या वाटत होत्या, आणि गाडीत बसून शाओशिंगला जायचं म्हटलं की अंगावर काटा येत होता. भीती मला त्याची वाटली. शेन बाहेर हॉर्न वाजवत होता, आणि मला त्या घरातून निघावंसं वाटत नव्हतं.

मी डोकं चालवायचा प्रयत्न केला. सकाळपासून थंडी, पोटात नको ते अन्न, वर म्हातारीच्या हाका. माणूस हळवा होतो, दुसरं काय. पण हे खरं मानायचं तरी हिशोब सोपा होता. माझ्यातलं काही हाकेने नेलं असेल तर ते हाकेनेच परत येईल. मला हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं.

६

अंगणात उभं राहून मी अक्काला फोन लावला. तिकडे दुपार होती. बोटं देठांच्या रसाने चिकट झालेली, म्हणून फोन कठड्यावर ठेवून स्पीकर चालू केला. कुत्रा पायाशी येऊन बसला. आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि शुईगेन खुर्चीत पाठमोरा दिसत होता. मावशी त्याच्या अंगावर तो सदरा चढवत होती.

अक्काने फोन उचलला तो तोफ डागतच. "काय रे, कसली आठवण झाली? सण न्हाई, वार न्हाई."

मी म्हटलं, "अक्का, मला एकदा हाक मार. घरी ये म्हण."

"काय करालास काय? पिऊन बिऊन न्हाईस न्हवं?"

"मार गं एकदा. आई मारायची तशी."

माझ्या आवाजात काहीतरी तिला लागलं असावं. मागे कुठे तरी माग चालू होता, त्याची खडखड ऐकू येत होती. मग अक्का बोलली, आणि तिचा आवाज अगदी आईचा होता.

"मधू, लई झालं रे बाबा. ये घरी."

मी ओ देणार होतो. शब्द ओठांपर्यंत आला होता.

"आलो गं अक्का," आतून आवाज आला.

स्वच्छ मराठी. मावशी किंचाळली. रुईफेन हातातलं टाकून आत धावली आणि भाऊ बोलला, भाऊ बोलला, म्हणून त्याच्या पायांशी कोसळली. मावशी त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून पुन्हा बोल, पुन्हा बोल म्हणत होती. तो तिला बाजूला सारून दाराकडे वळला. अंधूक उजेडात मला त्याचा चेहरा नीट दिसला नाही. डाव्या हाताने मान चोळत तो अंगणातल्या फोनकडे बघत होता. दिवसभर तागे वाहिले की मी तशीच मान चोळतो.

फोनमधून अक्काचं हसू आलं. ती रडतही होती.

"आता कसं माझ्या मधूगत बोललास," ती म्हणाली. "आणि रे, मगाधरनं तुझ्या फोनवर दुसरं कोण बोलालतं?"

मी तोंड उघडलं. अक्का, मीच गं, एवढंच मला म्हणायचं होतं. जिभेवर डोंगरातली बोली आली, आणि ती मी दातांत दाबून धरली.

आतून मधू तिला सांगत होता, "कुणी न्हाई गं अक्का. हितलाच एक माणूस हाय."